खाडाखोड

कच्च्या वहीत लिहिलेला निबंध तपासून, सुधारून मग पक्क्या वहीत उतरवावा, असे गुरुजींनी सांगितले की वर्गातील पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. एकदा लिहून झालेली गोष्ट पुन्हा कशासाठी लिहावयाची, हे त्यांना उमगत नाही. त्यातून आपल्याला फार आवडलेला एखादा परिच्छेदच गुरुजींनी तांबड्या शाईची रेघ मारून काढून टाकलेला असला, तर राग येतो आणि थोडे रडूही येते. तुमच्या वयाचा असताना माझीही हीच अवस्था होत असे. मोठमोठ्या ग्रंथकारांना असे काही सोसावे लागत नसेल, ते कागद पुढे ओढून बसत असतील आणि त्यांच्या लेखणीतून वाक्यामागून वाक्य आपोआप झरत असेल, अशी माझी समजूत होती. पुढे एका थोर कादंबरीच्या जन्माची हकिगत माझ्या वाचनात आली आणि ती समजूत पार नाहीशी झाली. तीच हकिगत येथे सांगावयाची आहे.

ही कादंबरी म्हणजे रशियन लेखक लिओ टॉलस्टॉय यांची ‘युद्ध आणि शांती’. टॉलस्टॉय हे नाव तुम्ही महात्मा गांधींच्या चरित्रात वाचले असेल. गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ सत्याग्रहींसाठी जी वसाहत स्थापन केली, तिला त्यांनी ‘टॉलस्टॉय फार्म’ असे नाव दिले होते. परंतु ज्यांचा गांधीजींशी पत्रव्यवहार झाला, ते टॉलस्टॉय ऐंशी वर्षांचे, शुभ्र दाढीचे वृद्ध गृहस्थ होते. आपल्या हकिगतीतील टॉलस्टॉय जेमतेम पस्तिशीचे आहेत. मॉस्को शहराच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर यास्नाया पोल्याना या ठिकाणी आईकडून वारशाने आलेली त्यांची जहागीर होती. तरुणपणी ते सैन्यात होते. क्रिमियाच्या युद्धात, १८५४-५५ साली, सेवास्तोपोलच्या वेढ्यात तोफांचा मारा म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. गावी परतल्यावर त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली व तीत ते स्वतः शिकवू लागले. १८६२ साली त्यांचा विवाह झाला, आणि दुसऱ्याच वर्षी, १८६३ साली, ते या कादंबरीच्या लेखनास बसले.

आज ही कादंबरी हजार-बाराशे छापील पानांची आहे. तीत पाचशेहून अधिक माणसे येतात. पण तिच्यासाठी टॉलस्टॉय यांनी लिहिलेले जे कच्चे कागद शिल्लक राहिले आहेत, त्यांचीच संख्या पाच हजारांवर आहे! मॉस्को येथील टॉलस्टॉय संग्रहालयाने ते मोठ्या काळजीने जपून ठेवले आहेत. त्या कागदांवर रेघांनी खोडलेल्या ओळी आहेत, ओळींच्या मध्ये घुसवलेल्या ओळी आहेत, आणि समासात उभे-आडवे लिहिलेले मजकूर आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने अशी वही पुढे ठेवली असती, तर कोणत्याही गुरुजींनी ती परत केली असती.

टॉलस्टॉय यांना प्रथम ही कादंबरी लिहावयाचीच नव्हती, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. त्यांच्या मनात एक वेगळीच गोष्ट होती. १८२५ च्या डिसेंबर महिन्यात पीटर्सबर्ग येथे काही सरदारांनी व सैनिकी अधिकाऱ्यांनी झारच्या अनियंत्रित सत्तेविरुद्ध उठाव केला. तो एका दिवसात मोडला गेला. पुढे पाच जणांना फाशी झाली आणि शंभराहून अधिक लोकांना सायबेरियाच्या हिमप्रदेशात धाडण्यात आले. तीस वर्षे लोटल्यावर, १८५६ साली, नव्या झारने माफी दिली, तेव्हा त्यांपैकी जे जिवंत उरले होते ते पिकल्या केसांनी माघारी आले. अशाच एका परत आलेल्या वृद्धाची कथा टॉलस्टॉय यांना सांगावयाची होती. तिची पहिली काही प्रकरणे त्यांनी लिहिलीही.

परंतु लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले की, हा म्हातारा कसा घडला हे सांगावयाचे तर त्याच्या उठावाच्या दिवसांकडे, म्हणजे १८२५ कडे गेले पाहिजे. ते १८२५ कडे वळले. तेथे पाहावे तो त्यांचा नायक संसारी, प्रौढ माणूस झालेला! त्याचे तारुण्य पाहावयाचे, तर आणखी मागे जाऊन १८१२ साल गाठावयास हवे. त्या वर्षी नेपोलियन आपली प्रचंड सेना घेऊन रशियात शिरला होता आणि अखेर पराभूत होऊन परतला होता. तेथेही लेखकाचे मन स्थिरावेना. आपल्या देशाचा विजय तेवढा रंगवून सांगावा आणि त्यापूर्वी झालेला पराभव झाकून ठेवावा, याची त्यांना लाज वाटली. म्हणून ते आणखी सात वर्षे मागे सरले, आणि ज्या वर्षी ऑस्टरलिट्झच्या रणांगणावर रशियाचा दारुण पराभव झाला, त्या १८०५ पासून त्यांनी कथा आरंभिली. गोष्ट पुढे जाण्याऐवजी पन्नास वर्षे मागे गेली. आणि ज्या म्हाताऱ्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, तो बिचारा मागेच राहिला. ‘युद्ध आणि शांती’ची कथा १८२० सालाशी येऊन थांबते, १८५६ पर्यंत ती पोहोचतच नाही.

साल ठरले, तरी आरंभ ठरेना. अभ्यासकांनी या कादंबरीचे पंधरा निरनिराळे आरंभ मोजले आहेत. एका आरंभी युरोपातील राजकारण आणि नेपोलियनचे सामर्थ्य यांचे वर्णन आहे. दुसऱ्या एकात मॉस्कोमधील एका घरी नामदिनाचा समारंभ चालू आहे. आणखी एकात खेड्यातील गढीवर राहणाऱ्या करड्या स्वभावाच्या वृद्ध सरदाराचे चित्र आहे. थोडी पाने लिहावी, ती पुन्हा वाचावी, आणि बाजूला सारावी, असे महिनोन् महिने चालले होते. यांपैकी वाईट असा एकही नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. वाईट लिहिलेले फाडून टाकणे सोपे असते. चांगले लिहिलेले, पण आपल्या गोष्टीच्या उपयोगी न पडणारे दूर सारावयाचे, म्हणजे जिवावर येते.

तुम्ही सहलीचा निबंध लिहिता, तेव्हा थोड्या प्रमाणात हाच पेच तुमच्यापुढेही पडतो. गडाच्या दरवाजापासून वर्णन सुरू केले, तर वाटेत एस. टी. चे चाक पंक्चर झाले आणि सर्वांनी शेताच्या बांधावर बसून शिदोऱ्या सोडल्या, ती गंमत कोठे सांगावयाची? आणि घरातून निघाल्यापासून सुरू केले, तर गडावर पोहोचण्यापूर्वीच दोन पाने संपतात. चार पानांच्या निबंधात जर असे होते, तर पाचशे माणसांच्या कथेत काय होत असेल!

अखेरीस टॉलस्टॉय यांनी जो आरंभ पत्करला तो असा : १८०५ च्या जुलै महिन्यातील एक संध्याकाळ, पीटर्सबर्गमधील एका मानकरी बाईंच्या घरची मेजवानी, आणि त्या बाई एका पाहुण्याशी बोलत आहेत. कोण बोलते आहे, कोणाशी, कशाबद्दल, हे काहीही आधी न सांगता संभाषण एकदम मध्येच सुरू होते. आपण मेजवानीला अंमळ उशिरा पोहोचलो आहोत आणि दारातच उभे राहून ऐकत आहोत, असे वाचकाला वाटते. ही पहिली ओळ आधीच्या चौदा आरंभांना बाजूला सारून तेथे आलेली आहे, याची त्याला कल्पनाही येत नाही.

लेखन असे अडखळत चालले असता १८६४ च्या शरद ऋतूत टॉलस्टॉय यांच्यावर एक संकट ओढवले. सशाच्या मागे भरधाव घोडा सोडला असता घोडा कोसळला आणि त्यांचा उजवा हात दुखावला गेला. गावाकडील डॉक्टरांनी तो नीट बसवला नाही. तेव्हा मॉस्कोला जाऊन त्यांना शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यांचे सासरे वैद्य होते व क्रेमलिनमध्ये राहात. त्यांच्याच घरी टॉलस्टॉय उतरले होते. लिहिणारा हातच गळ्यात बांधलेला. पण मनातील माणसे स्वस्थ बसू देत ना. तेव्हा त्यांनी आपल्या मेहुणीला, तात्यानाला, मजकूर सांगावयास आणि तिने तो उतरून घ्यावयास सुरुवात केली. तात्यानाने या दिवसांच्या आठवणी पुढे लिहून ठेवल्या आहेत. दुखरा हात दुसऱ्या हाताने सावरून ते खोलीत फेऱ्या घालीत. ती समोर आहे याचेही त्यांना भान नसे. कधी शब्द इतक्या वेगाने येत की तिची लेखणी मागे पडे, आणि कधी ते एकाएकी थांबून, हे साधत नाही, सगळे खोडून टाक, असे सांगत. म्हणजे हात मोडला तरी खाडाखोड काही मोडली नाही.

आता या हकिगतीतील दुसऱ्या एका व्यक्तीकडे वळू. ‘युद्ध आणि शांती’च्या मुखपृष्ठावर तिचे नाव नाही. ती व्यक्ती म्हणजे टॉलस्टॉय यांच्या पत्नी सोफियाबाई. विवाहसमयी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. टॉलस्टॉय यांचे अक्षर अत्यंत किचकट. त्यात ती खाडाखोड. ते कागद मुद्रकाकडे तसेच पाठवणे अशक्यच होते. म्हणून सोफियाबाई दिवसभराचा घरसंसार आटोपून, मुले निजल्यावर, दिव्याच्या उजेडात ते कागद घेऊन बसत आणि सुवाच्य अक्षरात त्यांची स्वच्छ प्रत करीत. कादंबरी लिहून पूर्ण होईपर्यंत त्यांना चार मुले झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या श्रमांची कल्पना येईल. प्रत तयार झाली की टॉलस्टॉय ती वाचावयास घेत, आणि त्या स्वच्छ कागदांवर पुन्हा रेघा उमटू लागत. मग पुन्हा नवी प्रत. सोफियाबाईंनी संपूर्ण कादंबरी सात वेळा उतरवली असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्यात थोडी अतिशयोक्ती असावी. काही भाग मात्र त्यांना पुनःपुन्हा उतरवावे लागले, हे खरे आहे. स्वतःचे लिहिलेले खोडताना लेखकाला दुःख होत असेल; पण रात्र जागून केलेली आपली प्रत दुसऱ्याच्या रेघांनी भरलेली पाहून काय वाटत असेल, याचाही विचार केला पाहिजे.

१८६५ साली कादंबरीचा पहिला भाग मॉस्कोच्या एका मासिकात ‘१८०५’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात आंद्रेई नावाचा एक तेजस्वी, मानी तरुण सरदार होता. एका नातेवाईक बाईंनी टॉलस्टॉय यांना पत्राने विचारले की, हा आंद्रेई म्हणजे प्रत्यक्षातील कोण? टॉलस्टॉय यांनी जे उत्तर पाठवले, ते मोठे मौजेचे आहे. हा कोणीही नाही, असे त्यांनी कळवले. ऑस्टरलिट्झच्या लढाईत मारला जाण्यासाठी मला एक उमदा तरुण हवा होता. पुढे मला त्याच्याविषयी आस्था वाटू लागली, कथेत त्याच्यासाठी काम दिसू लागले. तेव्हा मला त्याची दया आली आणि मी त्याला ठार न करता केवळ जबर जखमी केले, असा त्या उत्तराचा आशय होता. म्हणजे कच्च्या कागदावर मरावयास निघालेला मनुष्य पक्क्या कागदावर जिवंत राहिला.

१८६६ साली टॉलस्टॉय यांना वाटत होते की, आता वर्षभरात ग्रंथ हातावेगळा होईल. त्याला त्यांनी नवे नावही योजले होते. ‘ज्याचा शेवट गोड ते सारेच गोड’ अशा अर्थाचे ते नाव होते. या मसुद्यात आंद्रेई अखेरपर्यंत जिवंत राहतो. त्याच्याप्रमाणेच पेत्या नावाचा एक मुलगाही सुखरूप घरी येतो. या पेत्याविषयी पुढे सांगावयाचे आहे. तूर्त एवढेच लक्षात ठेवा की, कादंबरी पूर्ण झाल्यासारखी दिसत होती, शेवट गोड होता, नावही ठरले होते. कोणीही लेखक तेथे थांबला असता.

टॉलस्टॉय थांबले नाहीत. १८१२ साली मॉस्कोच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर बोरोदिनो गावाजवळ नेपोलियनची आणि रशियाची घनघोर लढाई झाली होती. आपल्या पंचांगाने तो ७ सप्टेंबरचा दिवस होता. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे सत्तर हजार सैनिक ठार वा जखमी झाले. या लढाईविषयीची पुस्तके आणि नकाशे टॉलस्टॉय यांनी अभ्यासले होते. पण एका इतिहासकाराचे दुसऱ्याशी जुळत नव्हते. तेव्हा १८६७ च्या सप्टेंबरात ते स्वतः ते रणांगण पाहावयास निघाले. बरोबर त्यांनी आपल्या धाकट्या मेहुण्याला, स्त्येपानला, घेतले होते. स्त्येपान तेव्हा तुमच्याच वयाचा, बारा वर्षांचा होता.

या प्रवासाची हकिगत स्त्येपानने मोठेपणी लिहिली आहे. टप्प्याच्या घोड्यांनी गाडी निघाली. वाटेत पहिल्या मुक्कामी पाहतात तो वडिलांनी बरोबर दिलेली फराळाची पेटी घरीच राहिलेली! हाताशी काय, तर एक लहानशी द्राक्षांची करंडी. रणांगणावर पोहोचल्यावर आणखी निराशा झाली. तेथील स्मारकाचा रखवालदार हा त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेला एक वृद्ध सैनिक आहे, असे टॉलस्टॉय यांनी ऐकले होते व त्याला भेटण्याची त्यांना मोठी उत्कंठा होती. पण तो म्हातारा काही महिन्यांपूर्वीच वारला होता. थोड्या महिन्यांनी एक साक्षीदार हुकला, याची लेखकाला मनस्वी चुटपुट लागली. मग दोन दिवस ते त्या उंचसखल माळावर हिंडत राहिले. कोणती तुकडी कोठे उभी होती, तोफा कोठे होत्या, हे पाहून त्यांनी टिपणे केली आणि आपल्या हाताने नकाशा काढला. लढाई जुंपली त्या वेळी सूर्य कोणाच्या डोळ्यांवर येत होता, हे समजावे म्हणून ते पहाटे उठून पुन्हा तेथे गेले. स्त्येपान मात्र बराच वेळ रखवालदाराच्या कुत्र्याशी खेळत होता. त्याने तसे प्रांजळपणे लिहिले आहे, आणि मला तरी ते फार आवडते.

घरी परतल्यावर टॉलस्टॉय यांनी लढाईचा भाग नव्याने लिहिला. तीत सकाळच्या तिरप्या किरणांत धुक्यातून उजळणाऱ्या रणभूमीचे जे वर्णन आहे, ते वाचताना दोन सकाळी खर्ची घालून पाहिलेला तो माळ आपल्याला दिसतो.

आणि मग तो गोड शेवट गळून पडला. ज्या आंद्रेईला लेखकाने दया येऊन ऑस्टरलिट्झवर वाचवले होते, तो बोरोदिनोच्या लढाईत पुन्हा जखमी होतो आणि काही आठवड्यांनी मरण पावतो. पेत्याचीही तीच गत होते. पेत्या हा एका प्रेमळ कुटुंबातला शेंडेफळ मुलगा, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा, हट्टाने सैन्यात भरती झालेला. छाप्याच्या आदल्या रात्री तो मोठ्या अधिकाऱ्यांना आपल्याजवळच्या मनुका आग्रहाने वाटत सुटतो; आपल्या तलवारीला धार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी लागून तो घोड्यावरून पडतो. पहिल्या मसुद्यात हा मुलगा घरी आईकडे परत येत होता. तो तसाच परत यावा, असे वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटते. लिहिणाऱ्याला वाटले नसेल असे नाही. पण सत्तर हजार माणसे जेथे एका दिवसात पडली, त्या युद्धाच्या गोष्टीतून आपल्या आवडीची सर्व माणसे सुखरूप घरी आणली असती, तर ती गोष्ट खोटी झाली असती. माझ्या मते या पाच हजार पानांतील सर्वांत कठीण खाडाखोड हीच असावी. तिच्याबरोबर ते जुने नावही गेले, आणि ‘युद्ध आणि शांती’ हे नाव आले.

एवढ्याने संपले असे मात्र नाही. १८६७ पासून मॉस्को येथे ग्रंथाची छपाई सुरू झाली. छपाईची देखरेख बार्तेन्येव नावाच्या विद्वान गृहस्थांकडे होती. पुस्तक छापण्यापूर्वी तपासण्यासाठी कच्चे छाप काढतात, त्यांना मुद्रिते म्हणतात. मुद्रितांत चुकलेली अक्षरे दुरुस्त करावयाची असतात; टॉलस्टॉय मात्र मुद्रितांवर कादंबरीच नव्याने लिहू लागत. त्या काळी शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून मजकूर जुळवीत असत. एका ओळीत चार शब्द वाढले की खालच्या सर्व ओळी सरकत, आणि जुळाऱ्याला सारे पान मोडून पुन्हा बांधावे लागे. बार्तेन्येव अगदी टेकीस आले. तुम्ही हे काय चालवले आहे, अशाने छपाई कधीच पुरी होणार नाही आणि खर्चही भरमसाट वाढत आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी लिहिले. त्यावर टॉलस्टॉय यांनी उलट कळवले की, खाडाखोड केल्यावाचून मला राहवत नाही. आणि जो भाग तुम्हांला आवडला आहे, तोच पाच वेळा चिरडून लिहिला नसता तर पुष्कळ वाईट उतरला असता. दोघांचेही म्हणणे मला पटते. ग्रंथ वेळेवर निघावा, यासाठी झटणारा मनुष्य काही लेखकाचा शत्रू नसतो.

शेवटचा, सहावा खंड १८६९ च्या अखेरीस बाहेर पडला. आपल्या या ग्रंथाविषयी टॉलस्टॉय यांना अभिमान वाटत असेल, असे तुम्हांला वाटेल. पण १८७१ साली एका कविमित्राला लिहिलेल्या पत्रात, असले पाल्हाळ आपण पुन्हा कधी लिहिणार नाही याचा आपल्याला आनंद वाटतो, असे त्यांनी लिहिले! १८७३ साली नवी आवृत्ती काढताना त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. सरदारांच्या तोंडची पानेच्या पाने फ्रेंच संभाषणे होती, ती रशियन भाषेत आणली. इतिहासाविषयीचे विवेचन मूळ कथेतून काढून शेवटी परिशिष्टात टाकले. पुढे सोफियाबाई पतीच्या ग्रंथांच्या प्रकाशिका झाल्या, तेव्हा १८८६ च्या आवृत्तीत ती फ्रेंच संभाषणे व ते विवेचन पुन्हा आपापल्या जागी आले. म्हणजे या एका पुस्तकात खोडलेले सुद्धा कायमचे खोडले जाईल, याची शाश्वती नव्हती.

‘युद्ध आणि शांती’ लिहून झाल्यावर तरी लेखन सुकर झाले का? तेही नाही. पीटर द ग्रेट या झारवर कादंबरी लिहिण्याचा त्यांनी संकल्प केला. ज्या शेतात पुढे पेरावयाचे ते आधी खोल नांगरण्याचे हे काम किती जड आहे, याची तुला कल्पना येणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी १८७० साली त्याच कविमित्राला लिहिले. शेत नांगरले गेले. पण पेरणी झालीच नाही. अनेक आरंभ करून १८७३ साली त्यांनी ती कादंबरी सोडून दिली, आणि त्याच वर्षी ‘अॅना कॅरेनिना’ ही दुसरीच कादंबरी हाती घेतली.

तीही मासिकात क्रमशः छापली जाऊ लागली, तेव्हा त्यांचा मुलगा इल्या आठ-नऊ वर्षांचा होता. घरातील त्या दिवसांचे त्याने मोठेपणी वर्णन केले आहे. टपालाने मुद्रिते येत. प्रथम समासात बारीक खुणा होत, मग एखादा शब्द बदले, मग वाक्ये, मग ओळीच्या ओळी खोडल्या जाऊन कागद इतका काळा होई की तो आईवाचून कोणालाही वाचता येत नसे. आई रात्रभर बसून त्याची प्रत करी. सकाळी तिच्या मेजावर स्वच्छ कागदांची व्यवस्थित चळत असे. आता वडिलांनी एकदा नजर टाकली की टपालात घालावयाची. वडील ती चळत शेवटचे म्हणून पाहावयास आपल्या खोलीत नेत. संध्याकाळी पाहावे तो सारे कागद पुन्हा काळे! वडील ओशाळून आईला म्हणत की, उद्या नक्की पाठवू. तो उद्या पुष्कळदा पुढे ढकलला जाई. कधी मुद्रिते खरोखरच रवाना होत, घरात सर्वांना हायसे वाटे. आणि मग वडिलांना एखादा शब्द आठवे व तो बदलण्यासाठी ते मॉस्कोला तार पाठवीत.

स्वाध्याय

१. टॉलस्टॉय यांची कथा १८५६ सालापासून १८०५ सालापर्यंत मागे कशी गेली, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. बार्तेन्येव यांची तक्रार व टॉलस्टॉय यांचे उत्तर यांपैकी तुम्हांला कोणाचे म्हणणे अधिक पटते? का?

३. स्त्येपानने बोरोदिनोहून आपल्या आईला पत्र लिहिले असते, तर ते कसे लिहिले असते? कल्पनेने लिहा.

४. सहलीवरील तुमचा एखादा जुना निबंध घ्या. त्याचे तीन निरनिराळे आरंभ लिहून पाहा व त्यांपैकी दोन खोडा.